झोन डीचा अधिकृत प्रेक्षक

उमेळ्याचे सेबॅस्टियन तुस्कानो मोटर रॅलीचं तिकीट काढायला संगणकापुढं बसले, तेव्हा घरात कोणी नव्हतं. किंबहुना कोणी नसेल अशीच वेळ त्यांनी निवडली होती. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला स्वतःच्या घरात चोरासारखं बसावं लागावं ही त्यांच्या मते देशाच्या अधोगतीची खूण होती. पण देश बिचारा यात कुठंच नव्हता. सगळं घडलं होतं ते त्यांच्या स्वतःच्या जिभेमुळं.

दोन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी ज्युली हिनं जेवताना जाहीर केलं की, ती मोटर रॅलीत भाग घेणार आहे. गाडी चालवणार तिची मैत्रीण खुशी, आणि ज्युली शेजारी बसून मांडीवरच्या वहीतून पुढचं वळण वाचून दाखवणार. तुस्कानो म्हणाले होते, "शेजारी बसून वाचायचंच असेल तर बायबल वाच. असल्या प्रकाराचं मी तोंडही बघणार नाही." त्यानंतर बापलेकीत बोलणं होतं, नाही असं नाही. "मीठ सरकव." "छत्री घेतलीस?" एवढं.

आणि आता ती रॅली चक्क वसईत आली. राजोडीच्या किनाऱ्यावरून निघून, गावागावांतून फिरून, खारजमिनीतल्या कच्च्या रस्त्यांवर गाड्या पळणार होत्या. ज्युलीनं आईच्या हातात एक पास ठेवला आणि म्हणाली, "मम्मी, हा तुझा. डॅडी येणार नाहीतच."

त्या 'नाहीतच'मधला 'च' तुस्कानोंच्या काळजात शिरला. एकतीस वर्षं शाळेत हेडक्लार्क म्हणून काढलेला माणूस. मराठीतल्या 'च'ची ताकद त्याला कोणी शिकवायची? 'दाखला मिळणार नाही' आणि 'दाखला मिळणारच नाही' यांत दोन अर्ज आणि चार हेलपाट्यांचा फरक असतो. त्यांचं मनाशी ठरलं. स्वतःचं तिकीट काढायचं, गर्दीत मागं उभं राहायचं, पोरगी काय करते ते एकदा बघायचं आणि गुपचूप घरी यायचं. मागून पास घ्यायचा नाही. मान ताठ ठेवून आत जायचं.

तिकिटाचा अर्ज सतरा रकान्यांचा होता. रक्तगट विचारला होता. बघायला येणाऱ्याच्या रक्ताशी यांना काय करायचंय, असं पुटपुटत तुस्कानोंनी तो भरला. 'रॅलीबद्दल आपल्याला कसे कळले?' या रकान्यात त्यांनी 'मुलगी' असं लिहिलं, थोडा वेळ त्याकडे बघितलं, आणि खोडून 'वर्तमानपत्र' केलं. मग आला रकाना 'आपत्कालीन संपर्क'. इथं बायकोचा, आग्नेसचा, नंबर देणं म्हणजे चोरानं पोलीस चौकीचा पत्ता देण्यासारखं. म्हणून त्यांनी शेजारच्या रामू भोईरचा नंबर दिला.

दहा मिनिटांत रामू धापा टाकत दारात हजर. हातात फोन. खाडीकाठचा माणूस, मिठागरात आणि भातशेतीत आयुष्य गेलेलं. पण एवढा घाबरलेला तुस्कानोंनी त्याला भरतीचं पाणी बांध फोडून आलं होतं तेव्हाही बघितला नव्हता.

"भाऊ, ह्या वयात?"

"काय ह्या वयात?"

रामूनं फोन पुढं केला. त्यावर संदेश होता: 'सेबॅस्टियन तुस्कानो यांनी मोटरस्पोर्टमधील सर्व धोके समजून घेऊन आपला सहभाग निश्चित केला आहे. दुर्दैवाने काही घडल्यास आपणास कळवण्यात येईल.'

"गाडी कोनाची पळवनार तुम्ही?" रामूनं हळू आवाजात विचारलं.

तुस्कानोंनी त्याला समजावलं की आपण पळवणार नाही, बघणार आहोत. पण ते गुपित आहे, कोणाला सांगू नकोस. झालं. 'गुपित' हा शब्द ऐकल्यावर रामूला पहिल्या वाक्यावर विश्वास ठेवायचं काही कारणच उरलं नाही. नुसतं बघायला जायचं कोणी लपवतं का?

"कोनाला नाय सांगनार," असं छातीवर हात ठेवून तो गेला, आणि संध्याकाळपर्यंत उमेळ्यात ज्याला त्याला ठाऊक झालं की तुस्कानो मुलीच्या ईर्षेनं गाडी घेऊन उतरतायत. एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ येऊन चिखलात क्लच कसा सोडावा हे पाऊण तास सांगून गेले. मागच्या आळीतली फ्लॉसी वेलंकनी मातेचं तेल घेऊन आली आणि गुडघ्यांना लावा म्हणाली, "ब्रेक दाबायला बरं पडतं." प्रत्येकाला तुस्कानो सांगायचे की मी फक्त प्रेक्षक आहे. प्रत्येक जण डोळा मिचकावून म्हणायचा, "बरोबर, बरोबर. तसंच सांगत राहा."

माणसाच्या खरेपणाची एवढी बेअब्रू त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

तिकीट आलं ते ईमेलवर, आणि त्यात खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे तिकीट नव्हे. हे दाखवून शुक्रवारी आचोळ्यातल्या एका व्यायामशाळेतून मनगटी पट्टा घ्यावा. म्हणजे उमेळ्याच्या माणसानं उमेळ्याजवळची शर्यत बघण्यासाठी आधी नालासोपारा पूर्वेला जायचं! तुस्कानो दोन रिक्षा बदलून गेले. वजनं उचलणाऱ्या घामट मंडळींच्या मधोमध एक टेबल, टेबलामागं अल्पेश नावाचा गृहस्थ, आणि टेबलापुढं दीड तासाची रांग.

अल्पेशनं कागद बघितले. "अंकल, प्रॉब्लेम आहे. बुकिंगवर सेबॅस्टियन आहे. आधारवर सेबेस्टीयन."

"ती आधारवाल्यांची चूक आहे."

"असेल. पण मॅच होत नाही ना. तुम्ही तेच आहात हे मी कसं समजू?"

आता हे वाक्य कोणाला ऐकवलं जात होतं ते बघा. ज्या माणसानं एकतीस वर्षं हजारो मुलांना 'हा विद्यार्थी तोच आहे' असे दाखले लिहून दिले, आणि वडिलांच्या नावातली एक वेलांटी चुकली तर बापालाच परत पाठवलं, त्याला! अल्पेशनं कोरा कागद पुढं सरकवला. "सेल्फ डिक्लेरेशन द्या. मी मीच आहे, असं."

"मी मी नसतो," तुस्कानो म्हणाले, "तर हे लिहून द्यायला कोण आलं असतं?"

"तो दुसरा आला असता," अल्पेश शांतपणे म्हणाला. "म्हणून तर लिहून घेतो."

तुस्कानोंनी लिहून दिलं. वर तारीख, खाली सही, मधे मजकूर, डाव्या बाजूला समास सोडून. आचोळ्याच्या व्यायामशाळेत इतका सुरेख अर्ज त्याआधी कोणी केला नसेल. अल्पेशनं तो न वाचता खोक्यात टाकला आणि त्यांच्या मनगटावर एक भगभगीत नारिंगी पट्टा आवळला. त्यावर 'प्रेक्षक – झोन डी' असं लिहिलं होतं आणि शेजारी स्कॅन करायचा काळा चौकोन.

"रविवारपर्यंत काढायचा नाही. तुटला की बाद. भिजवू पण नका."

त्यामुळं शुक्रवारी आणि शनिवारी तुस्कानो भर उकाड्यात पूर्ण बाह्यांच्या शर्टात वावरले. आंघोळ करताना उजवा हात न्हाणीघराच्या झडपेतून बाहेर काढून ठेवावा लागला. तो बाहेरून रामूच्या बायकोनं बघितला, आणि गावात बातमीला नवी फांदी फुटली: सरावात हात दुखावलाय.

शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला आजारी आणि प्रवासी लोकांसाठी प्रार्थना झाली, त्यात फादरांनी 'आपले एक ज्येष्ठ बंधू, जे उद्या धाडसी कार्याला निघाले आहेत' यांचाही समावेश केला. सगळं चर्च मागं वळून बघायला लागलं. तुस्कानोंना वाटलं, जमीन दुभंगावी. शेजारी उभ्या आग्नेसनं सगळ्यात खणखणीत 'आमेन' म्हटलं आणि चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. तिला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, हे पस्तीस वर्षांच्या संसारात तुस्कानोंना कधी कळलं नव्हतं, त्या दिवशीही कळलं नाही.

रविवारी पहाटे आग्नेसला न्यायला ज्युलीच्या चमूची गाडी आली. ज्युली स्वतः राजोडीलाच मुक्कामाला होती. निघताना आग्नेस म्हणाली, "आज घरातच थांबा हं. कुठं जाऊ नका."

घ्या! बायकोसुद्धा टोमणा मारून गेली. तुस्कानोंनी स्वच्छ शर्ट घातला, बूट चढवले आणि झोन डीचं फाटक उघडायच्या वेळेआधी पुरेसा वेळ ठेवून वाडीचं फाटक उघडलं.

फाटकाला बाहेरून लाल-पांढरी फीत बांधलेली होती.

पलीकडं हिरवा कोट घातलेली, गळ्यात शिट्टी आणि हातात पिवळा झेंडा असलेली बाई उभी होती. चाळिशी उलटलेली. नाव मनाली चुरी. एरवी कुठल्याशा शाळेत पीटी शिकवायची आणि सुटीच्या दिवशी रॅलीत मार्शल म्हणून उभी राहायची. तिनं शिट्टी फुंकली. तुस्कानो नकळत ताठ उभे राहिले.

"काका, आत व्हा. रस्ता बंद. तासाभरात गाड्या येतील."

"इथून? गाड्या तर खारातल्या बांधावरून जाणार आहेत!"

"बांधावर भरतीचं पाणी आलं, म्हणून शुक्रवारी मार्ग बदलला. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर कळवलंय की."

गावाचा गट तुस्कानोंनी पावसाळ्यातच सोडला होता. त्यांनी कोणाचं तरी शुद्धलेखन सुधारलं, त्यावर कोणीतरी हसणारा चेहरा टाकला. असल्या ठिकाणी स्वाभिमानी माणूस राहत नाही. आता स्वाभिमानाचं हे फळ समोर फीत होऊन फडफडत होतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मी प्रेक्षक आहे. हा पट्टा. मला झोन डीला जायचंय."

"झोन डी रस्त्याच्या पलीकडं आहे. रस्ता ओलांडता येणार नाही."

"मग इथूनच बघतो. माझ्या कुंपणाशी उभा राहून."

"इथून बघता येणार नाही. प्रेक्षकांनी झोनमध्येच उभं राहायचं असतं."

"पण झोनमध्ये तुम्ही जाऊ देत नाही!"

"कारण रस्ता बंद आहे."

"बाई, मी या जागेत सदुसष्ट वर्षं उभा राहतोय!"

"तेव्हा गाड्या येत नव्हत्या," मनाली म्हणाली. आवाज चढवला नाही, पण पीटीच्या बाईंना आवाज चढवावा लागत नाही. "वळण आहे काका. गाडी घसरली तर पहिली तुमच्या अंगावर येईल. तुमच्याच भल्याचं सांगतेय."

आपल्याच घरापुढून जाणारी शर्यत बघण्यासाठी आपण तिकीट काढलं, आचोळ्याला जाऊन मी मीच असल्याचं लिहून दिलं, हात झडपेबाहेर ठेवून आंघोळ केली. आणि आता तिकीट आहे म्हणून नव्हे तर घर इथं आहे म्हणून आपल्याला बघता येत नाही! एवढ्यात वाडीच्या मागच्या बाजूनं रामू आला. वेलीला पाणी लावायचं निमित्त होतं. खरं म्हणजे तो तुस्कानोंना निरोप द्यायला आला होता.

"भाऊ, मागनं चला. मिठागराच्या कडंकडंनं, मोरीखालनं रस्त्याच्या पलीकडं. पाच मिनिटांत झोन डी."

रामूची पाच मिनिटं कधीच पाच नसतात, हे ठाऊक असूनही तुस्कानो गेले. अपमान झालेल्या माणसाला वाट दिसत नाही, दिशा तेवढी दिसते. पहिल्या बांधावर बूट रुतला. दुसऱ्या बांधावर तो तिथंच राहिला. तिसरा बांध भरतीनं खाल्ला होता. तिथं ते कमरेपर्यंत काळ्या गाळात गेले आणि रामूनं बाहेर ओढताना उरलेला भागही बरबटला. झोन डीच्या फाटकावर पोचले तेव्हा फक्त डोळे पांढरे होते.

सुरक्षारक्षकानं मनगटाशी यंत्र नेलं. ते वाजलं नाही. गाळ पुसला, पुन्हा नेलं. काळा चौकोन गाळ पिऊन सगळाच काळा झाला होता.

"स्कॅन होत नाही. एंट्री नाही."

"यावर 'प्रेक्षक' लिहिलेलं दिसतंय की नाही?"

"लिहिलेलं चालत नाही. स्कॅन लागतं."

लिहिलेलं चालत नाही! हे वाक्य एका हेडक्लार्कला! तुस्कानोंच्या डोळ्यांपुढं एकतीस वर्षांच्या नोंदवह्या गाळात बुडाल्या. ते भांडले नाहीत. भांडायलाही थोडी तरी इज्जत शिल्लक असावी लागते. एका बुटात, आल्या वाटेनं, ते घरी परतले.

मनालीनं त्यांना वाडीत बघितलं. तिनं ओळखायला थोडा वेळ घेतला आणि मग तिचा चेहरा जरा मऊ झाला. "काका, ओसरीवर बसा. तिथं धोका नाही. पण नियमानं ती प्रेक्षकांची जागा नाही. तेव्हा... बघू नका."

"बघू नको?"

"बसायला हरकत नाही. बघायला आहे."

तुस्कानोंनी खुर्ची उलटी केली आणि रस्त्याकडं पाठ करून बसले. नियम म्हणजे नियम. आयुष्यभर पाळले, आजच मोडायचे? पाठीमागून गाड्या यायला लागल्या. लांबून गुणगुण, मग गर्जना, मग अंगणातल्या तारेवरच्या कपड्यांची फडफड, आणि धुरळा. रामू शेजारी पायरीवर बसून, सरळ रस्त्याकडं बघत, त्यांना सांगत होता. "निळी गेली. आता लाल. ही तर झाडाला लागता लागता वाचली!" त्याच्याकडं तिकीट नव्हतं, त्यामुळं त्याला कोणताच नियम लागू नव्हता.

"आता एकतीस नंबर," रामू म्हणाला. एकतीस ज्युलीचा होता. तुस्कानोंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. गर्जना जवळ आली, अचानक कर्र झाली, कुंपण मोडल्याचा आवाज आला, आणि मग सगळं गप्प झालं.

खुर्ची कधी पडली हे तुस्कानोंना कळलं नाही. ते वळले तेव्हा पांढरी गाडी कुंपण तोडून केळीच्या पाटात नाक खुपसून उभी होती. समोरची काच चिखलानं माखलेली. आत दोन हेल्मेटं. एका क्षणाला काहीच हललं नाही. त्या क्षणाबद्दल पुढं तुस्कानो कधीही कोणाशी बोलले नाहीत.

मग खिडकीतून एक अंगठा वर आला. मनालीनं जीव भांड्यात पडल्यासारखा श्वास सोडला आणि मागच्या गाड्यांसाठी पिवळा झेंडा हलवायला लागली. झेंडा सोडून तिला जागेवरून हलता येत नव्हतं.

"ढकलायला माणसं हवीत!" ती ओरडली. "पण गाडीला हात लावायची परवानगी फक्त मला आणि प्रेक्षकांना आहे. प्रेक्षक कुठं आहेत इथं?"

तुस्कानोंनी बरबटलेली बाही वर सारली आणि हात उंच केला. "हा आहे!"

मनालीनं पट्टा लांबूनच वाचला. यंत्र तिच्याकडं नव्हतं. नुसते डोळे होते. "ढकला मग!"

तुस्कानो पाटात उतरले, मागोमाग रामूही. ("तुमचं तिकीट?" मनाली ओरडली. "मी पानी लावतोय!" रामू म्हणाला.) दोघांनी गाडीच्या नाकाला खांदा दिला. चाकं फिरली आणि उरलासुरला चिखल त्यांच्या तोंडावर आला. शेजारच्या खिडकीतून हेल्मेट बाहेर आलं.

"ओ काका! उजवीकडून! उजवीकडून लावा जोर!"

कसला आवाज होता तो! दमाचा, नेमका, न घाबरलेला. घरात मीठ मागणारा हा आवाज नव्हेच. तुस्कानोंच्या ओठांवर 'अगं' आलं, पण त्यांनी तोंड मिटून घेतलं; आपण येणार नाहीच ना! ते उजवीकडं गेले, पाय रोवले आणि ढकललं. गाडी भलतीकडंच कलली. "उजवीकडून म्हटलं ना!" आवाज कडाडला. अखेर गाडी हिसका देऊन मागं सरली, रस्त्यावर आली, वळली. धुरळ्यातून त्यांना एवढंच ऐकू आलं: "लेफ्ट फोर... ओव्हर क्रेस्ट... राईट टू, डोन्ट कट!" आणि खुशी ती सांगेल तसंतसं चाक फिरवत होती. भरधाव गाडी, आणि तिला वाट दाखवणारी ज्युली.

संध्याकाळी ज्युली घरी आली. त्यांचा गटात चौथा नंबर आला होता. तिसऱ्यापेक्षा सहा सेकंद कमी पडली होती. ती आईला तावातावानं सांगत होती, आणि तुस्कानो आंघोळ करून, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, मासळीतले काटे शोधत होते.

"आणि कुठं घसरलो, तर आपल्याच वाडीत, मम्मी! तिथं रामूकाका होता, आणि सोबत कोण मजूर होता कोणास ठाऊक. मी उजवीकडून सांगतेय, तर हा डावीकडून ढकलतोय! दहा सेकंद त्यानंच घालवली. कुठून धरून आणतात असली माणसं!"

आग्नेसनं पदर तोंडाला लावला. तुस्कानोंनी खूप आवरलं. पण काही आरोप असे असतात की तिथं गप्प राहणं म्हणजे ते मान्य करणं.

"तो मजूर नव्हता!" ते गरजले. "तो झोन डीचा अधिकृत प्रेक्षक होता!" आणि बाही सर्रकन वर ओढली.

ज्युली त्या काळवंडलेल्या नारिंगी पट्ट्याकडं बघत राहिली. मग वडिलांच्या तोंडाकडं. कानामागं अजून थोडा गाळ होता.

"तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही आला होता?" आणि मग एकदम उसळली, "मग उजवीकडून का नाही ढकललंत?"

"मी उजवीकडूनच ढकलत होतो! गाडीकडं तोंड करून उभा असलेल्या माणसाची उजवी!"

"उजवी नेहमी गाडीची असते, डॅडी!"

"तसं स्पष्ट सांगायला हवं होतं! सूचना मोघम, आणि ठपका कनिष्ठ कर्मचाऱ्यावर!"

"दहा सेकंद! तिसरा नंबर होता आमचा!"

"एक बूट गेलाय माझा मिठागरात! त्याचं कोण बोलतंय?"

दोन वर्षांत त्या टेबलावर एवढी लांब वाक्यं बोलली गेली नव्हती. आग्नेसनं मुकाट्यानं दोघांच्या ताटात आणखी एकेक तुकडी वाढली. भांडण भात संपेपर्यंत चाललं. मग तुस्कानोंनी घसा साफ केला.

"ते तू काय ओरडत होतीस? लेफ्ट फोर, राईट टू. त्याचा अर्थ काय?"

"वळणं. एक म्हणजे सगळ्यात अवघड, सहा म्हणजे जवळजवळ सरळ."

"उलटं आहे," तुस्कानो कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "अवघडाला मोठा आकडा हवा. कोणी ठरवलं हे? लेखी हरकत घेतली का कोणी?"

ज्युलीनं पिशवीतून चिखलाचे डाग पडलेली वही काढली, आपली खुर्ची उचलली आणि टेबलाच्या त्यांच्या बाजूला आणून ठेवली.

"सरका जरा," ती म्हणाली. "पहिल्या पानापासून दाखवते."